तांदळातल्या कप्प्या

कोल्हापुरात कुठला समुद्र? तरी आमच्या ह्यांनी टेबलावर छोटं लाकडी जहाज करायला घेतलं. डेकवरच्या दोरांसाठी डाळीएवढ्या बारा कप्प्या कोरल्या आणि रंगवून ताटात वाळत ठेवल्या. मी तेव्हाची अतिशहाणी! न बघताच त्या ताटात तांदूळ ओतले आणि निवडताना खडे समजून कप्प्या अंगणात भिरकावल्या. वर ठसक्यात म्हणाले, "दुकानदार फसवतोय की तुम्हाला!"

हे पोटभर हसले. "असू दे. रंकाळा तलावात कुठं वादळ येतंय?"

पुन्हा कोरायच्या राहिल्या आणि हे गेले. आता त्यांच्या टेबलाशी बसून मीच कोरते. अकरा झाल्या. बारावी रोज बिघडते. बिघडते कसली, मीच बिघडवते. जहाज पुरं झालं तर उद्या इथं कशाला बसू?