टकल्या परत येतो

माझे दाजी रतिलाल यांना शार्कचे सिनेमे आवडतात, हे मी तीस वर्षं लोकांपासून लपवलं. खोटं कशाला बोलू? माणसाला नाटकाचं वेड असतं, भजनाचं असतं, पत्त्यांचं असतं. ते सांगता येतं. पण धुळ्याच्या सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या माणसाने डबा खाताना काय सांगायचं? की माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, जळगावच्या मेहरूणमध्ये बसून, रोज दुपारी एक रबरी मासा माणसं खाताना बघतो म्हणून?

आणि सिनेमे तरी कसले! चांगले, खर्चिक असते तर गोष्ट वेगळी. दाजींना ते चालायचेच नाहीत. "त्यात मजा नही, भो," म्हणायचे. "त्यातला मासा खरा वाटतो." त्यांना लागायचे अगदी फाटके, हिंदीत कसेबसे डब केलेले. शार्क एकाच बाजूने दाखवायचा, कारण दुसरी बाजू बनवायला पैसेच नव्हते. एका सिनेमात तर शार्क लिफ्टमधून खाली येतो. लिफ्टमधून! मी म्हटलं, "दाजी, बटण कोणी दाबलं?" तर दाजी इतके हसले, इतके हसले, की अक्का स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, बेबाबाई. तिने टीव्हीकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "कपाळ माझं." तिचं या विषयावरचं मत तेवढंच होतं.

दाजी मूळचे एरंडोलकडचे. आयुष्य गेलं केळीच्या व्यापाऱ्याकडे मुकादमकी करण्यात. मजुरांना घेऊन पहाटे मळ्यात जायचं, घड उतरवायचे, ट्रक भरायचा. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही, म्हणून त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर काळे-तपकिरी डाग. लग्नाच्या सदऱ्यावरसुद्धा आहेत. ट्रक यायला उशीर झाला की गावातल्या व्हिडिओच्या खोलीत जाऊन बसायचे आणि तिथेच हे खूळ लागलं. रिटायर झाल्यावर मुलीने, डिंपलने, मोठा टीव्ही घेऊन दिला, त्यावर यूट्यूब लावून दिलं. मग काय विचारता!

आवाज बंद करायचे आणि सगळ्यांचे संवाद स्वतः म्हणायचे, आपल्या बोलीत. पाण्यात उभी गोरी बाई किंचाळली की हे म्हणणार, "व माय! मना पाय कथा गया?" म्हणजे माझा पाय कुठे गेला? बोटीवरचा कप्तान हात हलवू लागला की, "पळा रे भो, बठ्ठास्ले खाई गया!" बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना. गल्लीतली माणसं दारात उभी राहून ऐकायची. मी वरून नाक मुरडायचो, पण जळगावला गेलो की दुपारची गाडी हटकून चुकवायचो. आता काय लपवायचं.

त्या सिनेमांत एक टक्कल पडलेला नट होता. नाव दाजींनाही माहीत नव्हतं. तो दर वेळी मरायचा. कधी मास्तर होऊन, कधी पोलीस होऊन, कधी नुसता आईस्क्रीम खाताना. गरिबाचा सिनेमा, नवी माणसं आणणार कुठून? म्हणून पुढच्या सिनेमात हाच परत. तो पडद्यावर दिसला की दाजी मांडीवर थाप मारायचे. "देख, जितू! टकल्या परत उना!" जुना दोस्त गावाहून आला असं तोंड व्हायचं त्यांचं.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्टी ठरलेली असते. हिरवी लांब वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुरीबरोबर ओरपायची. एरंडोलजवळ दाजींच्या शेतात आम्ही सगळे जमलो होतो. तिथे नवं शेततळं झालेलं, खाली प्लास्टिक अंथरलेलं, पाणी निळं-निळं दिसायचं. ते पाणी बघून दाजींच्या डोक्यात आलं की आपणच सिनेमा काढायचा. डिंपल मोबाईलवर घेणार.

शार्क बनवला केळीच्या खांबांचा. घड कापल्यावर उरतात ते, चार जाड खांब दोरीने आवळले, वर जुन्या सुपाचा पंख, डोळ्यांना दोन वांगी. दिसायला, देवाशपथ सांगतो, त्यांच्या सिनेमातल्या शार्कपेक्षा बरा होता. पाण्यात सोडला आणि तो बुडेचना! गलबतासारखा वर तरंगतोय. अहो, ज्या माणसाचा जन्म केळीत गेला, जो लहानपणी केळीचा खांब पोटाशी धरून विहिरीत पोहायला शिकला, त्याच्या लक्षात येऊ नये की केळ बुडत नाही? आम्ही पोट धरून हसलो. दाजींनी मग गोणीत दगड भरले, ती तळाशी सोडली आणि शार्कच्या पोटाला बांधलेली दोरी गोणीच्या कडीतून ओवून काठावर घेतली. आता दोरी ओढली की शार्क डुबकी मारायचा, सोडली की वर यायचा.

खाल्ला जाणारा माणूस दाजीच. पाण्यात गुलाबाचं सरबत ओतायचं आणि त्यांनी हातपाय झाडून मरायचं. इथे अक्का उठली.

"मरणबिरण काही करायचं नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीही करा. मी सौभाग्यवती बाई इथं बसलेली आणि माझ्यासमोर नवऱ्याचं मरण मोबाईलमध्ये घेता?"

"बेबा, खोटं आहे गं," दाजी म्हणाले.

"खोटंसुद्धा नको."

पण ऐकतील ते दाजी कुठले! मेले. अगदी झकास मेले. एक डोळा उघडा ठेवून आम्ही हसतोय का ते बघत मेले. अक्का तोंड फिरवून वांगी सोलत बसली. मग दाजींना वाटलं, अजून एकदा घेऊ. काठावर उभं राहून त्यांनी ती शार्कची दोरी ओढायला घेतली. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली आणि छातीवर हात ठेवून खाली बसले.

आणि मी, मूर्ख माणूस, काय ओरडलो असेन? "दाजी, ओव्हरअ‍ॅक्टिंग नको!" सगळे हसले. डिंपल घेतच होती, मोबाईल समोर धरून.

अक्काच्या हातातलं वांगं खाली पडलं. ती धावली. "बंद कर ते!" ती डिंपलवर ओरडली. "हे खोटं नाही! खोटं करताना ते आपल्याकडे बघत असतात. आता कोणाकडेच बघत नाहीयेत."

ते ओरडणं मी अजून विसरलेलो नाही. तिने ओळखलं आणि मी चेष्टा करत होतो. जीपमध्ये घालून जळगावला नेलं तेव्हा जीव वाचला. डॉक्टर म्हणाले तीन ब्लॉक आहेत, बायपास करावी लागेल, महिनाभरही थांबू नका. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात मी तारीख घेतली. माझं घर तिथून पायी पाच मिनिटांवर, त्यामुळे राहायची-जेवायची सोय होती.

तर दाजी म्हणाले, "मी काही जात नही."

का? तर त्यांचा मोठा भाऊ जीवराम. वीस वर्षांपूर्वी तो असाच ऑपरेशनला आत गेला. जाताना म्हणाला, रती, माझा चहा झाकून ठेव, मी आलोच. तो चहा तसाच राहिला. हे दाजींनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, त्या दिवशी मला सांगितलं. मी समजावलं, डिंपल रडली, डॉक्टरांनी फोनवर बोलून पाहिलं. तारीख टळली. दुसरी घेतली, तीही टळली. जिना चढताना चार पायऱ्यांवर थांबायचे आणि आम्ही बघतोय असं दिसलं की भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायचे. मला इतका राग यायचा! हात धरून फरफटत न्यावं असं वाटायचं. शार्कच्या तोंडात हसत-हसत जाणारा माणूस डॉक्टरला घाबरतो?

टीव्ही मात्र चालू होता. संवाद म्हणणं बंद झालं होतं, नुसते बघत पडायचे.

अशाच एका दुपारी मी मेहरूणला गेलो होतो. अक्का स्वयंपाकघर आवरून आली, पदराला हात पुसले आणि दाजींच्या शेजारी पलंगावर बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा. पूर्ण सिनेमा बघितला तिने, डोळ्याची पापणी न हलवता. मध्ये एकदा म्हणाली, "शार्कला शिवण दिसतेय." दाजींनी चमकून तिच्याकडे बघितलं. थोड्या वेळाने तो टकल्या आला. बिचारा पूल दुरुस्त करत होता. पाणी ढवळलं, लाल झालं, टकल्या गेला.

अक्काने विचारलं, "मरना का हाऊ?"

"हां."

"आते पुढच्या सिनेमात येई का?"

"येई ना. तो येतोच."

"किती येळ मरना आतापर्यंत?"

दाजींनी बोटं मोजली. "सात."

"सात येळ मरना, सात येळ उना," अक्का म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण हातातला पदर ती पिळत होती. "त्याला कोणी वाट बघणारं आहे का, ते तरी माहीत आहे का तुम्हाला? तरी तो येतो. आणि तुम्हाला एकदा जाऊन एकदा यायचं आहे, तर तुम्ही पलंग सोडत नाही. शेतात माझ्यासमोर मरून दाखवलंत. मी नको म्हणत होते तरी दाखवलंत. आता मला परत येऊन दाखवा. तेवढं देणं लागता तुम्ही माझं."

टीव्हीवर पुढची माणसं खाल्ली जात होती. सिनेमा संपल्यावर दाजी मला म्हणाले, "जितू, पुढची तारीख घे. आणि हिला सांग, बॅगेत स्वेटर टाक."

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "आपल्या सिनेमात बघ, आत काय होतं ते दाखवत नाहीत. पैसे नसतात ना. नुसतं पाणी ढवळताना दाखवतात." मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. अक्काकडे बघून म्हणाले, "चहा झाकून ठेवू नको. मी आल्यावर ताजा कर." दार बंद झालं.

साडेपाच तास. दारावर लाल दिवा. मी गेटवर जाऊन तीनदा चहा घेतला आणि तिन्ही वेळा तसाच टाकला. सारखं तेच कानात वाजत होतं, ओव्हरअ‍ॅक्टिंग नको. शेवटी अक्काजवळ बसलो आणि म्हटलं, "अक्का, मी त्या दिवशी हसलो गं." ती दाराकडे बघतच म्हणाली, "तुला हसवायलाच करत होते ते. तुझी कसली चूक?" मी पन्नाशी उलटलेला माणूस, हॉस्पिटलच्या बाकावर रुमाल तोंडाला लावून रडलो.

दाजी परत आले. दुसऱ्या दिवशी, नळ्या लागलेल्या असताना, पहिला शब्द बोलले तो "चहा". नर्सने दिला नाही म्हणून तिच्यावर रुसले.

मागच्या डिसेंबरात पुन्हा भरीत पार्टी झाली. जुन्या शार्कचे खांब गुरांनी कधीच खाल्ले होते. डिंपलने तो अर्धा सिनेमा मोबाईलमधून काढला नव्हता. शेवटचा तुकडा, छातीवर हात ठेवून बसतानाचा, तेवढा तिने पुसून टाकला होता. दाजी म्हणाले, "मरायचं झालं आहे, यायचं राहिलं. ते घेऊन टाक."

त्यांना पाण्यात काही आम्ही उतरू दिलं नाही. शेततळ्यामागून चालत येताना घ्यायचं ठरलं. दाजी आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि सदऱ्याची बटणं काढली. गळ्याखालून पोटापर्यंत सरळ शिवण. त्यांच्या कुठल्याही सिनेमात इतकी चांगली जखम कोणाला करता आली नव्हती. बोट ठेवून ते मोठ्याने म्हणाले, "देखा! शार्क चावना, पण मी मरना नही! मी परत उ..."

अक्का शाल घेऊन सरळ मधे शिरली. जी बाई आयुष्यात कधी फोटोलाही धड उभी राहिली नाही, ती कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यांच्या सदऱ्याची बटणं एकेक करून लावू लागली. "पुरे," ती म्हणाली. "थंडी शे. माहीत आहे मला, आलात."

डिंपलने विचारलं, "मामा, परत घेऊ का? आई मधे आली."

मी म्हटलं, "खबरदार, याला हात लावशील तर." सिनेमा तिथेच संपतो. आता कार्यालयात डबा खाताना कोणीही विचारो वा न विचारो, मी सगळ्यांना तो दाखवतो.