स्टाफचं तिकीट

गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. कंडक्टर म्हणत. सगळं आयुष्य शहराच्या बसमध्ये उभ्याने गेलेलं, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही घरात बोलता बोलता त्यांचा एक हात वर जायचा, दांडी शोधायला. बायको म्हणायची, "पडत नाही तुम्ही. घर थांबलेलंच आहे."

निवृत्त माणसाला रिकामा वेळ आणि मोबाईल एकदमच मिळतो, आणि त्यातून फार थोडे वाचतात. कंडक्टर वाचले ते वाचनालयातल्या एका सभेमुळे. काही पोरंपोरी आली होती, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही म्हणून सांगत होती. गल्लीचा विश्वास बसेना. कुठल्याच पक्षाचा नाही म्हणजे नक्की समोरच्या पक्षाचा, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. पोरं म्हणाली, मत कुणालाही द्या, पण द्या. आणि मोबाईलवर आलेलं पुढे ढकलण्याआधी ते कुठून आलं एवढं विचारा.

बाकीचे चहा पिऊन घरी गेले. कंडक्टरांच्या मात्र ते डोक्यात बसलं, कारण हे तर त्यांनी जन्मभर केलं होतं. कुठे चढलात? कुठे जायचंय? तिकीट दाखवा.

त्या दिवसापासून 'आपली गल्ली' या ग्रुपवर कुणी काही टाकलं की खाली कंडक्टरांचा एकच शब्द यायचा: "तिकीट?" अमका उमेदवार म्हणे रातोरात देश सोडून पळाला. तिकीट? लिंबाच्या सालीने म्हणे गुडघे बरे होतात. तिकीट? एखादी गोष्ट खरी निघाली तर ते "टिंग टिंग" लिहायचे, म्हणजे जाऊ द्या गाडी पुढे. दोन्ही पक्षांची माणसं त्यांना दुसऱ्या पक्षाचा हस्तक म्हणायला लागली. कंडक्टरांनी ते प्रशस्तिपत्रकासारखं मिरवलं.

कोपऱ्यावरची शिवणकामवाली म्हणायची, "उद्या मी मेले तरी हे खाली तिकीट विचारणार."

मतदानाच्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते, तेवढ्यात ड्रायव्हरचा निरोप आला. हा ड्रायव्हर म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. एकाच गाडीवर दोघांची जवानी गेली. एकाने पुढचं बघायचं, दुसऱ्याने मागचं. निरोपात लिहिलं होतं: शाळेचं छप्पर गळतंय, म्हणून आपलं मतदान केंद्र बाजारातल्या मोठ्या हॉलमध्ये हलवलंय. म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा.

कंडक्टरांचं बोट सवयीने "तिकीट?" कडे गेलं आणि थांबलं. बसमध्ये एक नियम असतो, कुठे लिहिलेला नसतो. आपल्या खात्याचा माणूस चढला की नुसतं "स्टाफ" म्हणतो आणि कंडक्टर पुढे सरकतो. त्याला तिकीट विचारणं म्हणजे चारचौघांत त्याची लाज काढणं. आणि ड्रायव्हरपेक्षा मोठा स्टाफ कोण?

त्यांनी निरोप ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच लिहिलं, "टिंग टिंग."

कुणी काही विचारलं नाही. जगाला तिकीट विचारणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर विचारायचं काय? गल्ली कुलपं लावून बाजाराकडे निघाली. त्यात दोन घरं सोडून राहणारी कंडक्टरांची थोरली बहीण, आक्का, होती. गुडघे गेलेले, एका हातात काठी, दुसरा हात शिवणकामवालीच्या खांद्यावर. पण आजवर एक मतदान चुकवलं नव्हतं. ती म्हणायची, "घरात मला कुणी काही विचारत नाही. सरकार तरी विचारतं, कधीमधी."

दुपारी कंडक्टरांची बायको भाजी घेऊन आली.

"चल, आवर. बाजारात जायचंय मत द्यायला," कंडक्टर म्हणाले.

"मी देऊन आले."

"कुठे?"

"शाळेत. नेहमीच्या."

"केंद्र हललंय. ग्रुपवर टाकलंय मी."

"तुमचा ग्रुप मी कधीचा गप्प केलाय," बायको भाजी निवडत म्हणाली. "दिवसभर आपलं तिकीट, तिकीट. घरात पुरेसं ऐकते." आणि तिने शाई लावलेलं बोट समोर धरलं.

कंडक्टरांचा हात दांडी शोधायला वर गेला.

त्यांनी घाईघाईने ग्रुपवर लिहिलं: चूक झाली, मतदान शाळेतच आहे, परत फिरा. पहिलं उत्तर शिवणकामवालीचं आलं.

"तिकीट?"

मग ओळीने सगळ्यांचं. तिकीट, तिकीट, तिकीट. इतके दिवस शिकवलेलं नेमकं त्या दिवशी फळाला आलं होतं. आक्काला फोन लावला तर तो तिच्याच घरात वाजला. केंद्रावर मोबाईल चालत नाही म्हणून ती ठेवून गेली होती. शेवटी शिवणकामवालीला लावला.

"आवाज तुमचाच कशावरून?" ती म्हणाली. "हल्ली म्हणे आवाजही बनवतात. तुम्हीच तर सांगितलंत." आणि फोन बंद.

"आता बोट घेऊन जावं लागणार," बायको म्हणाली आणि तिने चपला घातल्या.

बाजारातल्या हॉलचं शटर बंद होतं आणि त्या बंद शटरसमोर गल्ली रांगेत उभी होती. शिस्त बघण्यासारखी. हे कुणाचं कारस्थान यावर रांगेत दोन तट पडलेले. काहीजण कंटाळून घरी गेलेले. आक्का कुणाच्या तरी ओट्यावर बसली होती. आणि रांगेत पहिला नंबर होता ड्रायव्हरचा.

"चूक माझी आहे," कंडक्टर म्हणाले. "मीच न विचारता पुढे पाठवलं."

दोन्ही तटांना हे पटेना. एवढ्या मोठ्या कारस्थानाला एवढं साधं कारण?

बायको मात्र रांगेच्या कडेने बोट दाखवत गेली, तपासनीस चढल्यासारखी. शिवणकामवालीने ते बोट धरलं, पदराला थुंकी लावून घासलं, उजेडात धरून पाहिलं. "रंग पक्का आहे," तिने जाहीर केलं. "चला शाळेत."

परतीच्या बसमध्ये आक्काला जागा मिळाली. कंडक्टर आणि ड्रायव्हर उभे.

"मला मेव्हण्याने पाठवलं होतं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "घरचा माणूस. तो खोटं कशाला बोलेल?"

"त्याला कुणी पाठवलं?"

"त्याच्या साहेबांनी."

"आणि साहेबांना?"

ड्रायव्हर जुन्या सवयीने समोरचा रस्ता बघायला लागला. तेवढ्यात बसची कंडक्टर, लेकीच्या वयाची, जवळ आली.

"स्टाफ," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही बाई," कंडक्टर म्हणाले. "दोन तिकिटं दे."

शाळेचं फाटक बंद व्हायच्या आत सगळे पोहोचले. आक्का सगळ्यांत शेवटी बाहेर आली, शाईचं बोट सांभाळत, नुकतंच तूप लागल्यासारखं.

"कुणाला दिलंस गं?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुला कशाला हवं?" आक्का म्हणाली. "त्याचं तिकीट मिळत नाही." मग भावाकडे वळली. "तू रे? तुझं झालं का?"

तेव्हा कुठे कंडक्टरांना आठवलं. सगळ्यांना चढवता चढवता स्वतः चढायचे राहिले होते. फाटक ओढून घेणाऱ्या हवालदाराने त्यांना बखोटीला धरूनच आत ढकललं.

जी माणसं कंटाळून बाजारातूनच घरी गेली होती त्यांची मतं गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर त्यांच्या दारोदार जाऊन आले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्यांनी चहा दिला.

निकाल लागायच्या आधी ड्रायव्हरचा निरोप आला: आतली बातमी, निकाल आधीच ठरलाय. कंडक्टरांनी खाली लिहिलं, "तिकीट?"

"अरे, मी आहे. स्टाफ."

"मग पुढच्या स्टॉपला उतर," कंडक्टरांनी लिहिलं.

बायकोने त्यांचा ग्रुप मात्र अजून गप्पच ठेवलाय. म्हणते, घरात एक तरी माणूस ठिकाणावर हवा.