माझं गाऱ्हाणं मीच घातलं

माझी पहिली मुलगी जन्मली ती रडलीच नाही, आणि त्या दिवसापासून माझं नि देवाचं बोलणं बंद झालं. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावात माझं सासर, नवरा मुंबईला बोटीवर कामाला, आणि घरात सासू नि चुलत सासरे आबा. आबा गावचे मानकरी, रवळनाथाच्या देवळात त्यांचा शब्द चाले. मुलीला पुरून माणसं परत आली, तोवर त्यांनी निकालही लावून टाकला होता. सातव्या महिन्यात मी तिन्हीसांजेला सुक्या बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन देवचाराच्या, म्हणजे वेशीवरच्या राखणदार भुताच्या, वाटेने आले होते, म्हणून हे झालं. मासळीच्या वासाने देवचार मागे लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं म्हणे. ते बांगडे मी कोणासाठी आणले होते, हे मात्र कोणी विचारलं नाही. आबांना जेवताना सुका बांगडा लागायचा, त्यांच्यासाठीच आणले होते!

"आता देवळात गाऱ्हाणां घालूया," आबा म्हणाले. "चूक कबूल कर नि मोकळी हो. नायतर माहेराक जा, ह्या घरात चुलीक शिवूचां नाय."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवापुढे उभं राहून मोठ्याने घातलेलं साकडं. मानकरी "बा देवा म्हाराजा" अशी हाक देऊन सुरुवात करतो, एकेका वाक्यापाशी थांबतो, आणि जमलेले पुरुष एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाई ते घालत नाही. ती मागे खांबापाशी उभी राहते आणि तिच्याबद्दल जे बोललं जाईल ते ऐकून घेते. म्हणजे आबा म्हणणार, ह्या लेकराकडून चूक झाली ती पदरात घे, सगळा गाव म्हणणार व्हय, आणि माझ्या मुलीला मीच मारलं हे देवाच्या दारात कायमचं ठरून जाणार. मी तोंड उघडून एवढंच म्हटलं, "मी येऊचंय नाय." त्यावर बोलणं वाढलं असतं, पण मला बाळंताचा ताप भरला आणि मी शुद्धीवर राहिले नाही. सासूनेच होडी करून, पुढे एस.टी.ने मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. आबांचा तिकडे न्यायला विरोध होता, हे मला मागाहून कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की नाळ गळ्याभोवती अडकली असणार, यात कोणाचा दोष नाही. मला ते कळलं, पण कळून काय उपयोग? छातीत दूध दाटत होतं आणि शेजारच्या खाटेवरचं मूल रडलं की मी उशी कानांवर ओढायचे. अशा वेळी रोज दुपारी एक बाई माझ्या खाटेपाशी स्टुलावर येऊन बसू लागली. तिचं नाव रूथबाई. घाटावरची, ख्रिस्ती, पांढरं सुती लुगडं नेसणारी. रोग्यांपाशी बसायचं, त्यांचं मन हलकं करायचं, हे तिचं तिथलं काम. मला वाटलं, झालं! आता ही आपला देव माझ्या गळ्यात घालणार. मी भिंतीकडे तोंड केलं. ती उठून गेली नाही आणि बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तशीच बसली.

एके दिवशी मीच वैतागून बोलले. म्हटलं, माझ्या मुलीच्या डोक्यावर दाट काळे केस होते, आणि ते कोणी पाहिलेसुद्धा नाहीत. ती म्हणाली, "होय. तिचे केस तुम्ही पाहिलेत, आणि बाकी कोणीच नाही." तुम्ही! मला त्या वयात कोणी तुम्ही म्हणत नसे. मी पुढे बोलत गेले. मी थांबले की ती हळूच "होय" म्हणायची आणि माझंच बोलणं थोडक्यात माझ्या हातात परत द्यायची. चार-पाच वेळा असं झालं आणि माझं टाळकं सटकलं. वाक्य, मग थांबणं, मग होय! मला वाटलं, ही आमच्या देवळातली नक्कल करतेय.

"काय हो बाई, आमच्या गाऱ्हाण्याची थट्टा करतास?" मी ओरडलेच.

ती गोंधळली. तिच्या घाटावरच्या मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. ती म्हणाली, "थट्टा कशी करीन? तुमचं गाऱ्हाणं ऐकायलाच तर मी रोज येते." मग मी तिला आमचं गाऱ्हाणं काय असतं ते सांगितलं, आणि बाई ते घालत नाही हेही सांगितलं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, ह्या सगळ्या अंधश्रद्धा, सोडून द्या. किंवा म्हणाली असती, आमच्या देवाकडे या, तो बायकांचंही ऐकतो. रूथबाईने विचारलं, "तुम्हांला घालावंसं वाटतं का?"

आजवर असला प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी "वाटता" म्हटलं आणि जी रडायला लागले ती थांबेचना. मूल गेल्यापासून मी रडले नव्हते. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली होती, तेवढ्यात तिथले वयस्क पाळकसाहेब वॉर्डातून आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी उभ्या उभ्या रूथबाईला सुनावलं की नुसतं होय होय करून काय होणार, तिला वचन वाचून दाखव, पाप कबूल करायला शिकव, तेव्हा शांती मिळेल. मला हसूच आलं. आमच्या आबांना माझी चूक हवी होती आणि ह्यांना माझं पाप. देव वेगळे, पण मागणं एकच! रूथबाई उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि आदराने पण ठामपणे म्हणाली, "साहेब, त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही." साहेब पुढच्या खाटेकडे गेले.

मी तिला नंतर विचारलं, तुम्हांला भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली. मग तिने सांगितलं की एका शिक्षणवर्गात तिला ही नवी रीत शिकवली होती. दुःखी माणसाला सल्ला द्यायचा नाही, त्याचा न्याय करायचा नाही, मनापासून ऐकायचं. त्याची वाट त्याच्याच आत असते, आपण सोबत बसलो की ती त्याला दिसू लागते. मिशनमधल्या काही जणांना हे पटत नव्हतं, त्यांना वाटे की यात देव कुठे आला? "पण आमच्या शास्त्रातही माणसं देवाशी कडकडून भांडली आहेत," ती म्हणाली, "आणि देवाने ते ऐकून घेतलंय. तो आधी ऐकतो असं मी मानते. त्याचंच थोडं काम मी इथे बसून करते." तिने मला ना प्रार्थना करायला लावली, ना कसला उपदेश केला. पण त्या स्टुलावर रोज कोणीतरी येऊन बसतं, ह्या आधाराने माझा ताप उतरला असं मी आजही समजते. डॉक्टरीणबाईंची औषधं होतीच, त्यांचे उपकार मी नाकारत नाही.

घरी परतले तर आबा वाटच पाहत होते. गाऱ्हाण्याचा दिवस ठरलेला होता. मी सासूच्या मागून देवळात गेले. पुरुष जमले, नारळ ठेवला, आबांनी हात जोडून घसा साफ केला, आणि मी खांब सोडून पुढे आले. कुठून बळ आलं, खरंच सांगते, मला ठाऊक नाही. मी हात जोडले आणि हाक दिली.

"बा देवा म्हाराजा! आज मी तुझ्या दारात उभी आसंय. माझ्या चेडवाक, पयल्या लेकीक, तू न्हेलंस. कित्याक न्हेलंस तां तुका ठाऊक. पण माझ्या हातून चूक झाली, असां मी म्हणूचंय नाय!"

थांबले. कोणी व्हय म्हटलं नाही. आबांचं तोंड लालबुंद झालं. "गप रव गो!" ते गरजले. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"तुका राग इलो आसात तर माका सांग, दुसऱ्याच्या तोंडान सांगू नको. आणि आता जां काय माझां आयुष्य उरलां आसा, तां तुझ्या पायाकडे ठेवतंय. राखूचां तर राख, न्हेवचां तर न्हे, पण खोटां बोलूक लावू नको रे म्हाराजा!"

पुन्हा सगळं चिडीचूप. मला वाटलं, संपलं. आता इथूनच माहेरची वाट धरायची. आणि मागून, बायका उभ्या असतात त्या खांबापासून, एक घोगरा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

माझी सासू. तिने पदर डोक्यावर घट्ट ओढला होता आणि ती आबांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. मग आणखी एका म्हातारीने म्हटलं, मग दोघी-तिघींनी, आणि शेवटी एकदोन पुरुषांनीही. आबांनी नारळ फोडला, कारण लोकांनीच व्हय म्हटल्यावर न फोडून करणार काय? गुरवाने कौल लावला तो उजवा, म्हणजे माझ्या बाजूने, पडला, असं लोक सांगतात. मी पाहिला नाही. माझा कौल मला त्याआधीच मिळाला होता.

घरी येताना शेताच्या मेरेवरून, बांधावरून, सासू पुढे आणि मी मागे. मी विचारलं, "आये, तुम्ही कशा काय बोललास?" तिने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालताच म्हणाली, "माझोय पयलो झील असोच गेलो. तेव्हाय ह्या आबांनीच गाऱ्हाणां घातलानी, चूक माझीच ठरली. माझ्या येळाक कोणी व्हय म्हणूक नाय." आणि घरात शिरल्यावर तिने चुलीपुढचा पाट माझ्याकडे सरकवला.

पुढे मला दोन मुलगे झाले. रूथबाईची बदली झाली, पुन्हा भेट नाही. तिच्या देवाने तिला माझ्याकडे पाठवलं की माझ्या रवळनाथाने, हा वाद त्या दोघांनी आपसांत मिटवावा, मी दोघांचीही ऋणी आहे. शरण जायला मी तयार नव्हते असं नाही. फक्त मान खाली घालण्याआधी मला माझं बोलणं पुरं करायचं होतं. आता वाडीत कोणाच्या घरी पाळणा रिकामा झाला की मी जाते, तिच्यापाशी बसते, उपदेश करत नाही. ती बोलते, थांबते. मी एवढंच म्हणते, "व्हय गो बाय, व्हय."