गुन्हा तिकडचा, आरोपी इकडचा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नव्वदच्या दशकात मी बंगळुरात चामराजपेट भागात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी तिथली एक मराठी बाई भावाला घेऊन ठाण्यात आली. तिची मुलगी आखाती देशात जिन्यावरून पडून गेली, अशी तिकडे नोंद होती. जावई इथे आला होता आणि त्याच आठवड्यात परत जाणार होता.

शेजारच्या ठाण्याने तिला सरळ हाकललं होतं. "तिकडचा गुन्हा, तिकडेच तक्रार करा!" काय हे हद्दीचं खूळ! रस्त्यात प्रेत पडलं तरी दोन ठाणी आधी टेप लावून मोजतात, हे मी स्वतः पाहिलंय.

खबर भावानेच दिली. तेराव्याच्या जेवणाला भर पंगतीत त्याने जावयाला खडसावलं, तेव्हा जावई म्हणाला, "हो, मीच ढकललं. इथले पोलीस काय तिथे येणार आहेत?" सगळ्या पंगतीने ऐकलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, नातेवाइकांपुढची चालते. त्या शहाण्याला हे कुठे ठाऊक!

त्याला उचलला. पायावर पाय टाकून बसला.

"साहेब, घटना परदेशातली. तुमचा काय संबंध?"

"पासपोर्ट कुठला?"

"भारताचा."

"मग झालं तर! भारताचा नागरिक जगात कुठेही गुन्हा करो, आपला कायदा त्याला लागू होतो. खटल्याला दिल्लीची मंजुरी लागते, अटकेला नाही. पाय खाली घे."

पण तो जिना बघायला मला जाता येईना. परक्या भूमीवर आपल्या पोलिसाला काडीचा अधिकार नाही. कोर्टामार्फत तिकडे विनंतिपत्र पाठवलं, उत्तर नाही. दिल्लीची मंजुरी रखडत रखडत आली. अस्सा संताप व्हायचा! शेवटी पंगतीतली माणसं साक्षीला ठाम उभी राहिली आणि त्याला जन्मठेप झाली.

निकालानंतर बाई कोर्टाच्या पायरीवर थांबली. म्हणाली, "अण्णा, शिक्षा झाली, सरी, बरं झालं. पण मारतो म्हणून पोरीनं आधी फोन केलता. तेव्हाच मी ठाण्यात आले असते, तर कुणी लिहून घेतलं असतं?"

मी खोटं बोललो नाही. "नाही, अक्का," म्हणालो.

मुलगी मेल्यावर आमचा कायदा जागा झाला, ती जिवंत असताना कुणालाच तिची हद्द सापडली नसती. हे मला त्या केसने शिकवलं. पुढे ठाण्यात मी एकच दम दिला होता: आधी तक्रार लिहा, हद्द मग बघू.