बगळे झालेले भाऊ

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणी वाचावं म्हणून मी हे लिहीत नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागलं तर माफी असावी. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, मग मेंढरांमागे. लेक मात्र कानडी शाळेत शिकली. कानडी मला बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून लेकीने आणलेली कादंबरी मी नुसती कानांनी वाचली.

लेक तेव्हा बिदरला, मैलूरमध्ये मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, संपवून उन्हाळ्यात मुडबीला घरी आली, तर पिशवीत कॉलेजातल्या बाईंनी वाचायला दिलेलं जाड पुस्तक. दुपारी मी वाकळ शिवायला बसले की ती शेजारी बसायची, कानडी ओळ मनात वाचायची आणि मला मराठीत सांगायची. पहिल्या दिवशी मी तिला थांबवलं. आमच्यात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो.

"माय, ही गोष्ट न्हाई, कादंबरी हाय," ती म्हणाली. "आन् वाट चुकायला मामा पुण्याहून निघाय तर पाहिजे."

मला हसू आलं नाही. तिचा मामा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्यात लेकीला लग्नात मेंढ्या देतात, पण त्या सासरी आणत नाहीत. माहेरच्या कळपातच राहतात, नुसती कानाला वेगळी खूण करतात. त्यांना होतील ती कोकरं लेकीचीच. वडील गेल्यावर भावाने कळप विकला आणि पुण्याला बिल्डिंगच्या कामावर गेला. माझ्या खुणेच्या मेंढ्याही त्यातच गेल्या. जाताना म्हणाला, पैसे माझ्याजवळ राहू दे, पोरगी कॉलेजात गेली की देतो.

ती गेली, पण पैसे आले नाहीत. पहिल्या वर्षाची फी आम्ही नवराबायकोने ऊसतोडीला जाऊन भरली. त्यात माझ्या नवऱ्याची कंबर धरली. आता पैसे आले नाहीत तर पोरगी घरी बसेल, हे त्याने सुट्टी लागायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. भावाला विचार, असंही तो म्हणायचा. मी विचारत नव्हते. नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. जी पैसे मागते तिला न्यायला कोण येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कादंबरीतली गोष्ट जुनीच, परदेशातली. सावत्र आई राजाच्या मुलांना बगळे करून टाकते. त्यांच्या बहिणीने अंगाची आग होणाऱ्या पाल्याचं सूत काढून प्रत्येकासाठी अंगरखा विणायचा आणि विणून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर भाऊ मरणार. तिच्या हातांना फोड येतात, लोक तिला चेटकीण म्हणतात, तरी ती बोलत नाही. हे ऐकताना मला ती पोरगी फार आवडली. माझी सुई थांबायची.

लेक म्हणाली, जुन्या गोष्टीत ती शेवटपर्यंत गप्प राहते, पण हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी वेगळं लिहिलंय. कादंबरीतली मुलगी सोळा वर्षांची आहे. एका संध्याकाळी ती तळ्याकाठी जाते, तर तिला दिसतं, भावांना उडणं आवडायला लागलंय. अंगरख्यांची वाट कुणीच बघत नाही. तेव्हा ती विणकाम खाली ठेवते आणि मोठ्याने म्हणते, खाली या. भाऊ मरत नाहीत. खाली येतात, पण रागावून.

मला त्या लिहिणाऱ्या बाईचा राग आला. बहिणीने एवढं सोसलं आणि शेवटी सगळं पाण्यात घातलं, असं वाटलं. मी लेकीला पुस्तक मिटायला सांगितलं. पुढे काही दिवस दुपारी मी एकटीच शिवत बसले. पण ते रागावलेले भाऊ काही डोक्यातून जाईनात. रागावलेले का होईना, जिवंत होते.

मग एका सकाळी मी लेकीला बरोबर घेऊन फोन करायला एसटीडीवर गेले. तिने मामाच्या मोबाईलचा नंबर लावून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. भावाने आधी पाऊसपाणी विचारलं. मला धीर होईना. शेवटी मी म्हणाले, "अण्णा, माज्या मेंढ्यांचे पैसे पाहिजेत. पोरीची फी भरायची हाय."

 

"तू पोरीला शिकवायलीस का पोरगी तुला शिकवायली?" तो म्हणाला.

"माजे हायत म्हणून मागायले."

"एवढे दिस कामून न्हाई मागितले मग?"

 त्यानेच फोन ठेवला.

फीची तारीख जवळ आली तेव्हा पुण्याहून गावाकडे आलेल्या एका माणसाजवळ त्याने थोडे पैसे पाठवले. निरोप काही नव्हता. लेकीचं नाव कॉलेजात राहिलं. श्रावणात पंचमीला मात्र कुणी आलं नाही. शेजारणींचे भाऊ आले, त्या गेल्या. लिंबाला झोके बांधले होते, तिकडे मी फिरकले नाही. पुढच्या वर्षीही तसंच झालं. पैसे मात्र कुणा ना कुणाच्या हाती येत राहिले, कधी थोडे, कधी त्याहून थोडे.

लेक बीएला गेली त्या वर्षी, पंचमी होऊन गेल्यावर, तो स्वतः आला. केस पांढरे झाले होते, हाताला सिमेंटच्या भेगा होत्या. बाजेवर बसला, चहा प्याला, भाचीला काय शिकतेस विचारलं. निघताना खिशातून नोटा काढून माझ्या हातात दिल्या. मी म्हणाले, एवढे होत नाहीत. तो म्हणाला, कोकरांचेही धरलेत. कोणत्या मेंढीला किती झाली होती ते त्याने न चुकता सांगितलं. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

"मोजून घे, बाई," तो म्हणाला.

मी मोजल्या नाहीत. मग त्यानेच परत घेऊन माझ्यासमोर मोजल्या आणि पुन्हा माझ्या हातात ठेवल्या. सगळे पैसे फिटले होते.