चाकांची पेटी

दुष्काळी कामांवर औषधं घेऊन हिंडायला नेमलेली मी नवी नर्स. नोकरी महिन्याची, तोरा मात्र सिव्हिल सर्जनचा! कळंबातल्या पेटीवाल्याला बजावलं, "मोठी, दणकट पेटी हवी, आणि चाकं पाहिजेतच. ओझं वाहायला मी हमाल नाही."

तो प्रत्येक पत्र्यावर टिचकी मारून कान लावायचा. म्हणाला, "सिस्टर, चाकाला रस्ता लागतो. तुमी जाताय तिथं बाया अजून खडीच फोडायल्यात. दोन्ही अंगाला कड्या लावतो."

"मला चाकंच हवीत!"

"बरं. चाकं बी लावतो, कड्या बी लावतो."

पेटी तयार झाल्यावर त्यानं माझ्याकडच्या औषधाच्या दोन बाटल्या चिंध्यांत गुंडाळून आत ठेवल्या, पेटी घेऊन तो शिडीनं दुकानाच्या पत्र्यावर चढला आणि वरून ती खाली टाकली. मी किंचाळले.

"एसटीच्या टपावरनं अशीच टाकत्यात," तो वरूनच म्हणाला. बाटल्या शाबूत होत्या.

पहिल्याच दिवशी चाकं खडीत रुतली. मी हट्टानं ओढत राहिले. शेवटी खडी फोडणाऱ्या दोघींनी कड्या धरून पेटी उचलली. मागून मी चालले, रिकाम्या हातानं, नुसता तोरा वाहत.