नाथाचा अबोला आणि लाल गाडीचा क्लच

नाथा भोईर गप्प झालाय, ही बातमी बदलापूर गावात फिरली तेव्हा लोकांना आधी वाटलं, दाढ सुजली असणार. नाथाच्या गप्प बसण्याला दुसरं कारण असू शकतं, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हा माणूस नट आवळताना नटाशी बोलायचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या गॅरेजात तो कामाला होता, आणि दिवसातला निम्मा वेळ गाड्यांच्या खाली आडवा असायचा. त्यामुळे माणसांना तो तोंडावरून कमी आणि पायांवरून जास्त ओळखायचा. खालूनच ओरडायचा, "काय सदूभाऊ, अंगठा का बांधलाय? वहिनींनी पाट फेकून मारला का?" सदूभाऊ बिचारा गुपचूप आलेला असायचा, तो साऱ्या आळीला कळायचा.

तर असा हा नाथा बायकोशी बोलायचा बंद झाला. म्हणजे खरं तर ती बंद झाली आणि याने मानापोटी आपलंही शटर खाली ओढलं.

झालं होतं असं. सुनंदाचं माहेर जांभूळ. तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाआधी नाथाने छातीवर हात मारून सांगितलं होतं, "तुला गाडीने नेतो की नाही बघ." सुनंदाने ते माहेरी कळवलंही. कारण थोरली बहीण राही नवऱ्याच्या अँबॅसेडरमधून उतरायची, आणि उतरल्यावर दरवाजा असा लावायची की चार घरांत ऐकू जावा. हळदीच्या दिवशी नाथा गाडी घेऊन आला. टेम्पो. मागे जीन्सचे गठ्ठे भरलेले. पुढच्या सीटवर गॅरेजमालकाचा माणूस, म्हणून सुनंदा पैठणी नेसून गठ्ठ्यांवर. मांडवात म्हाताऱ्या बायका हसल्या, "राहीचा नवरा गाडीतून आनतो, सुनंदाचा हौद्यातून." एवढ्यावर नाथाने तोंड मिटलं असतं तर निभावलं असतं. पण तो नाथा. म्हणाला, "जीन्सवर बसून आली ती, गादीवर बसल्यासारखी!"

त्या दिवसापासून घरात अबोला. दोघांच्या मध्ये होती कौसाबाई, नाथाची आई. सगळे निरोप तिच्यामार्फत जायचे.

"आई, त्यांना सांगा, जेवण वाढलंय."

"आई, तिला सांग, मीठ कमी आहे."

"आई, त्यांना सांगा, मीठ डब्यात आहे आणि डबा फळीवर आहे."

कौसाबाईला हे बेहद्द आवडायला लागलं होतं. आजवर घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं, आता तिच्यावाचून भाजीला मीठही मिळेना.

अशातच दिवाळीनंतर, मळणीच्या दिवसांत, एका रविवारी सकाळी नाथाच्या अंगणात लाल गाडी येऊन उभी राहिली. गाडी म्हणजे जपानी, दोन दरवाज्यांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. मागे नावाला एक फळीएवढी सीट. कॅम्प तीनमधल्या नेनूमल शेठची. त्याच्या हाँगकाँगच्या मेहुण्याने पाठवलेली. नेनूमलला ती चालवायची हिंमत नव्हती, पण पुतण्याच्या वरातीत नवरदेव हिच्यातूनच जाणार होता आणि आयत्या वेळी क्लच बिघडला. पेडल दाबलं की मऊ लागायचं, आणि गिअर पडताना अशी कर्रकर्र की बघणाऱ्याचे दात आंबावेत. एका मोठ्या वर्कशॉपने सांगितलं होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

"अरे साईं, बाराती खडे हैं मेरे," नेनूमल आदल्या दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाला होता. "गॅरेज में नहीं, तू घर ले जा. कॅम्प में सब हाथ लगाते हैं, नजर लगती है."

नाथाने बॉनेट उघडून क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं होतं. आत तेल कसलं, आजारी माणसाला द्यायचा काढा. नाथा म्हणाला, "शेठ, गिअरबॉक्सला हात पण नाही लावत. तेल बदलतो, पाइपात हवा असेल ती काढतो. कल शाम को ले जाओ."

आणि क्लचचा भरवसा नव्हता, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकूनच सेल्फ मारत, गचके खात, त्याने ती घरी आणली.

आता त्याच रविवारी दुपारी जांभूळला बारसं होतं. सुनंदाच्या थोरल्या भावाला मुलगा झाला होता, आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान सुनंदाचा. राही आदल्या दिवशीच पोचली होती, अर्थातच अँबॅसेडरने. सुनंदाने सकाळीच जाहीर केलं, "आई, सांगून ठेवा, मी रिक्षाने जाणार. गठ्ठ्यांवर बसून जाण्यापेक्षा चालत गेलेलं बरं." तिने लाल गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बघितलं, पण पाणी भरताना, हंड्याच्या आडून. नाथाने ते बघणं बघितलं. याच गाडीतून हिला जांभूळला नेलं तर? पण ते म्हणायचं कसं? म्हणायला आधी बोलायला हवं. आणि आधी बोलायचं म्हणजे हरायचं.

त्याने गाडी जॅकने उचलून चाकांखाली लाकडाचे जाड ओंडके दिले, गाडी सरकू नये म्हणून दगडाची ओट लावली आणि गोणपाट पसरून खाली शिरला. नव्या ब्रेक ऑइलचा डबा (क्लचलाही तेच लागतं), जुनं तेल घ्यायला सरबताची रिकामी बाटली, पारदर्शक नळी, पाना, सगळं जागेवर. डबीतला काढा आधीच पिचकारीने ओढून नवं तेल भरलं होतं. उरलं पाइपातलं. आणि ते काम एकट्याचं नव्हे. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालचं निपल, म्हणजे पाइपाच्या टोकाची तोटी, सैल करून घाण तेल बाहेर घ्यायचं, निपल आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. आवळायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत, मेहनत पाण्यात.

गावातले गडी झाडून सगळे खळ्यावर. कौसाबाईने एकदा त्या सीटवर बसून बघितलं. बसली खरी, पण उठवायला शेजारणीला बोलवावं लागलं.

"सुने," ती म्हणाली, "तूच बस बाय. तो बोलतंय पाय दाबायचा हाय."

"आई, सांगा त्यांना, पाय दाबायची सवय आहे मला. फक्त आजवर माणसाचे दाबले."

गाडीखालून खोकल्याचा आवाज आला. नाथाला सुनंदाच्या टाचा दिसल्या, जोडवी दिसली, आणि दोन्ही पाय वर गाडीत गेले. गाडी जरा दबली.

"आई, तिला सांग, दाब!"

कौसाबाई ओट्यावर पानाला चुना लावत होती. तिने चुना लावला, सुपारी घातली, पान दुमडलं, आणि म्हणाली, "सुने, नाथा बोलतंय, दाब गो माझे लाडके."

"मी लाडके म्हटलं नाही!" खालून आवाज.

"बोलला नाय, पण मना ऐकू आला."

सुनंदाने दाबलं. नाथाने निपल सैल केलं. काळं तेल नळीतून बाटलीत आलं. निपल आवळत तो ओरडला, "सांग, सोड!" तोवर कौसाबाईच्या तोंडात पान. तिने हाताने खूण केली, ती सुनंदाला समजली 'दाब', आणि तिने आणखी जोर काढला. दुसऱ्या खेपेला कौसाबाईने घाई केली आणि निपल उघडं असतानाच "सोड" सांगून टाकलं. तिसऱ्या खेपेला नळीच निसटली आणि काढा थेट नाथाच्या मिशीत.

नाथा सरपटत बाहेर आला, नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि ओरडला, "आई! हवा गेली परत आत! तुला दोन शब्द नीट पोचवता येत नाहीत?"

झालं. कौसाबाई पदर खोचून उठली. "मी काय तुमचा टेलिफून हाय? लगीन तुमचा, भांडान तुमचा, आनी मीच वायर! मी चालली लुगडा नेसायला. मना बारशाला जायचा हाय." आणि दार लावून घेतलं.

नाथा परत गाडीखाली शिरला. अंगणात फक्त एक लाल गाडी, वर एक, खाली एक. कोंबडीसुद्धा जरा थांबून पुढे गेली.

नाथाने डोकं चालवलं. पान्याने गाडीच्या बुडाला एकदा ठोकलं, टक्. काही नाही. पुन्हा एकदा, टक्. पेडल खाली गेलं. बायको हुशार आहे हे त्याला ठाऊक होतं, फक्त कबूल केलेलं नव्हतं. निपल सैल, तेल बाहेर, निपल घट्ट. टक् टक्. पेडल वर आलं. मग काम असं जमलं की बघणाऱ्याला वाटावं, या दोघांनी आयुष्यभर हेच केलंय. मधे मधे तो उठून डबीत नवं तेल ओतायचा, तेव्हा सुनंदा काचेतून दूर डोंगराकडे बघायची. नळीतलं तेल काढ्याचं चहासारखं झालं, चहाचं पातळ मधासारखं. बुडबुडे थांबले. आता शेवटचा एक हात.

टक्. पेडल खाली. तेल स्वच्छ. निपल घट्ट. टक् टक्.

पेडल वर येईना.

टक् टक्. टक् टक् टक् टक्. आतून कौसाबाईचा आवाज आला, "गो सुने, कल्हईवाला आला काय?"

नाथाने कान दिला. वरून एक वेगळाच आवाज येत होता. सळ्ळ, सळ्ळ, टप. सळ्ळ, सळ्ळ. थोड्या वेळाने दरवाज्याच्या फटीतून तांदळाचे चार दाणे आणि एक खडा त्याच्या छातीवर पडला. बाईसाहेब नेनूमलच्या जपानी गाडीत मांडीवर सूप घेऊन नवे तांदूळ निवडत होत्या. डावा पाय पेडलवर, घट्ट. मघाशी तो तोंड धूत होता तेव्हा आणलं असणार सूप. म्हणजे बेत आधीच ठरलेला होता.

ऊन अंगणात पुढे सरकलं. बारशाची वेळ होत आली होती.

"ए," नाथा म्हणाला.

सळ्ळ, सळ्ळ.

"अगं ए. ऐकतेस का?"

वरून सुनंदा स्टिअरिंगला म्हणाली, "या गाडीत 'ए' नावाचं कोण बसलंय गं बाई?"

नाथा उताणा पडून गिअरबॉक्सकडे बघत राहिला. लग्नात उखाणा घेताना जे नाव घेतलं होतं, ते तेवढंच. तेही मित्रांनी लिहून दिलेलं. त्यानंतर 'ए', 'ऐकतेस का', 'अगं', यांवर संसार चालला होता. गावात बायकोला नावाने हाक मारणारा एकच माणूस, पोस्टात बदलून आलेला श्रीपाद, आणि त्याला सगळे हसायचे. पहिला हसणारा नाथा.

त्याने घसा साफ केला. घशात ब्रेक ऑइलची चव.

"सुनंदा."

सळसळ थांबली.

"सुनंदा, सोड. आणि जांभूळला चल. याच गाडीतून. पुढच्या सीटवर."

एवढं म्हणून तो डोळे मिटून पडला. मग पेडल वर आलं, ठाम, कसं पहिलवानासारखं. आणि सुनंदाचे पाय जमिनीवर उतरले, जोडवी त्याच्या कानाजवळ येऊन थांबली.

"तोंड साबणाने धुवा आधी," ती म्हणाली. "नाहीतर बाळ नाव ऐकायच्या आधी रडायला लागेल."

नाथाने ओंडके काढले, चाकं जमिनीला टेकवली, गाडी सुरू केली. गिअर पडला तो लोण्यात बोट गेल्यासारखा. गाडी चालवून बघितल्याशिवाय शेठला द्यायची नसतेच, हे त्याने आळीत भेटेल त्याला न विचारता सांगितलं. दोघं तयार होऊन बाहेर येतात तो मागच्या फळीएवढ्या सीटवर कौसाबाई आधीच बसलेली. कशी शिरली देव जाणे. गुडघे हनुवटीला, पिशवी डोक्यावर.

"मना उतरवू नका," ती म्हणाली. "उतरवायचा झाला तर गाडी कापावी लागंल."

जांभूळला मांडवापुढे गाडी थांबली. आधी सुनंदाचा पाय बाहेर आला, मग जरीचा काठ, मग बऱ्याच वेळाने सुनंदा. राही पुढे आली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "भारी आहे गं. पण केवढी बुटकी!"

"हो ताई," सुनंदा म्हणाली. "हिच्यात बसायचं तर माणसाला वाकायला लागतं."

राहीच्या नवऱ्याने नाथाच्या खांद्यावर हात टाकला. "काय साडूभाऊ, तुमच्या आई सांगत होत्या, क्लच गेला होता. कुणाकडून करून घेतला?"

भर मांडवात, सगळ्या सासुरवाडीसमोर, नाथाच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही दोघांनी केला. मी आणि सुनंदाने." बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी म्हणाली, "नाव घेतला गो जावयाने, बिनउखान्याचा!" सुनंदा पाळण्याकडे निघून गेली. बाळाच्या कानात नाव सांगताना तिचा स्वतःचा कान लाल होता.

संध्याकाळी नेनूमल ड्रायव्हर घेऊन आला. पेडल दाबून बघितलं, गिअर टाकून बघितला, खूश झाला. मग त्याची नजर पेडलखाली गेली. त्याने वाकून चिमूट भरली.

"साईं, ये चावल?"

नाथा फडक्याने बॉनेट पुसायला लागला. सुनंदा दारातून पुढे झाली.

"अक्षता है शेठ. शादी की गाडी है ना, पूजा किया."

नेनूमलने तांदूळ डोक्याला लावले. मग त्याला खडा सापडला. "और ये कंकर?"

"वो नजर का."

नेनूमलने डोळे मिटून खडाही डोक्याला लावला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. गाडी धूळ उडवत गेली.

त्या रात्री नाथाला तहान फार लागली. "सुनंदा, पाणी." मग, "सुनंदा, टॉवेल कुठाय?" मग नुसतंच, "सुनंदा."

"काय?"

"काही नाही."

चुलीपुढून दबका आवाज आला, "सारखं सारखं नको हो. शेजारी ऐकतात. आता 'ए' म्हटलं तरी चालेल."